मान्य प्रत

२ फेब्रुवारी

आज अपराह्णी मागच्या खोलीच्या एकमेव खिडकीवर प्लायवूड ठोकून अस्मादिकांनी सूर्यास त्या खोलीतून कायमचे हद्दपार केले. भिंती राखाडी, छत काळे, पडदे काळे, जाजमही काळे. सौभाग्यवती हात पुसत दारात उभी राहिली, चहूकडे दृष्टिक्षेप केला आणि म्हणाली, "छान झालं. आता फक्त वटवाघळं मागवा."

तिला यातले काही कळत नाही, असे म्हणण्याची सोय नाही. आम्ही दोघे एकाच छापखान्यातले. ती मुद्रितशोधक, मी रंगविभागप्रमुख. औषधांची खोकी, बिस्किटांची वेष्टने आणि कॅलेंडरे यांचे रंग मी सत्तावीस वर्षे जुळवले. चार महिन्यांपूर्वी तो विभाग बंद झाला आणि 'अनुभवी' म्हणजे ज्याला कोणी नोकरी देत नाही असा मनुष्य, हा अर्थ मला त्रेपन्नाव्या वर्षी उमगला. सौभाग्यवती अद्याप घरी बसून मुद्रिते तपासते. मी घरी बसून, ती मुद्रिते कशी तपासते ते तपासतो.

आता मात्र नव्या पर्वास आरंभ होत आहे. लोक घरोघरी प्रोजेक्टर आणून भिंतीएवढी चित्रे पाहू लागले आहेत, आणि त्यांपैकी निम्म्यांच्या घरी नायिकेचे मुख वांग्यासारखे दिसते. त्या मुखांना न्याय मिळवून देणे हे माझे उर्वरित जीवितकार्य. पहिले गिऱ्हाईकही निश्चित झाले आहे. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य. त्यांची अट एकच: आधी माझ्या घरच्या पडद्यावर प्रात्यक्षिक. "रंगाचार्य," ते जिन्यातच म्हणाले, "आधी तुमचे दात दाखवा, मग माझ्या दातांना हात लावा."

७ फेब्रुवारी

तीन दिवस मापनात गेले. प्रोजेक्टरचा दिवा अर्धा तास तापू द्यावा लागतो. थंड दिव्याचे रंग हे झोपेतून उठलेल्या माणसाच्या मतांसारखे असतात. मग पडद्यावर करड्या रंगाच्या पट्ट्या टाकायच्या, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत, आणि समोर रंगमापक ठेवून प्रत्येकीत तांबडे, हिरवे, निळे किती ते मोजायचे. कमी तिथे वाढवायचे, जास्त तिथे उतरवायचे. रंगमापक छापखान्यातलेच. विभाग बंद झाला तेव्हा निरोपादाखल मी नारळाऐवजी ते मागून घेतले. त्याचे वैशिष्ट्य असे की ते पडद्यासमोर ठेवले तर प्रकाश मोजते आणि कागदावर टेकवले तर शाई.

यंत्राच्या मते माझा पडदा आता निर्दोष आहे. परंतु यंत्राचे मत हे अंतिम नव्हे, हे सांगण्यासाठीच तर माझ्यासारखे लोक पोसले जातात. छापखान्यात आमचा एक नियम होता. गिऱ्हाइकाने सही करून दिलेला पहिला कागद म्हणजे 'मान्य प्रत'. ती काळ्या पाकिटात, कुलपात. पुढचे लाखभर कागद तिच्याशी ताडून पाहायचे. आणि मान्य प्रतीचे व यंत्राचे जमेनासे झाले तर दोष यंत्राचा. मान्य प्रत चुकत नाही. या एका नियमावर मी सत्तावीस वर्षे काढली आणि एकदाही तोंडघशी पडलो नाही.

प्रात्यक्षिकासाठी मला एक मान्य प्रत हवी. ती चेहऱ्याचीच हवी. मानवी डोळा आकाशाच्या निळ्यात फसतो, गवताच्या हिरव्यात फसतो. त्वचेत रेसभर फरक पडला की मात्र लहान मूलसुद्धा ओरडते.

९ फेब्रुवारी

मान्य प्रत लाभली. घरातच होती.

सकाळी दहा वाजता सौभाग्यवतीस गॅलरीतील स्टुलावर स्थानापन्न करून दोन मिनिटांचे चित्रण केले. तत्पूर्वी तिच्या कपाळावर रंगमापक टेकवून नोंद घेतली. पिवळेपणाचा अंक १७.२.

"हे कपाळाला काय लावताय?"

"हलू नकोस. तू मान्य प्रत आहेस."

"सव्वीस वर्षांनी मान्य केलंत होय? मग सही करा, शिक्का मारा, आणि मला आत जाऊ द्या. दूध गॅसवर आहे."

सायंकाळी तिला पडद्याशेजारी उभे केले. छापखान्याचा प्रमाणदिवा, ज्याखाली आम्ही शाई पारखत असू, तिच्यावर रोखला. पडद्यावर एक सौभाग्यवती, शेजारी दुसरी. रंगात तिळमात्र अंतर नाही. मी टाळ्या वाजवल्या. पडद्यावरची म्हणत होती, "दूध गॅसवर आहे." शेजारची म्हणाली, "उतू गेलं ते. सांगायचं राहिलं."

२४ फेब्रुवारी

पंधरवड्याने पडताळणी. दर पंधरवड्याने करावी, असा मीच घालून घेतलेला दंडक. फल असमाधानकारक. पडद्यावरची सौभाग्यवती शेजारच्या सौभाग्यवतीपेक्षा गुलाबी दिसते. म्हणजे पडदा तांबड्याकडे झुकला. परंतु पडद्यासमोरचे माप घेतले तर यंत्र म्हणते, सर्व जागच्या जागी. मग कपाळाचे माप घेतले. १८.९.

क्षणभर चक्रावलो. मग प्रकाश पडला. यंत्र चळले आहे. पिवळे असते त्याहून अधिक दाखवते. नियम स्पष्ट आहे: मान्य प्रत चुकत नाही. बिचारे यंत्र माझ्याच वयाचे, म्हणजे नोकरीच्या वयाने. त्याला विभागाचा वियोग सोसला नसेल.

तेव्हा यंत्र बाजूस सारून, केवळ डोळ्यांनी, पडदा शेजारच्या सौभाग्यवतीशी जुळवला. निळे दोन अंश उतरवले, पिवळे आपोआप चढले. जुळले.

ती उभी राहून कंटाळली. एरवी अर्धा तास उभ्याने भांडू शकणारी बाई दहा मिनिटांत खुर्ची मागू लागली. हातही खाजवत होती. काळ्या पडद्यांच्या रंगाची बाधा असावी. स्वस्त काळ्या रंगात काय काय घालतात हे माझ्याइतके कोणास ठाऊक? पडदे धुवायला काढतो.

३ मार्च

पडदे धुतले. बादलीभर शाई निघाली. खाज तशीच.

८ मार्च

सौभाग्यवतीस अन्न जात नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी आम्लपित्त म्हणून गोळ्या दिल्या. संध्याकाळी, त्यांच्या त्या पिवळट दिव्याखाली, पाच मिनिटांत. दोन मुद्रिते तिने परत पाठवली, "अक्षरं नाचतात" म्हणून. सव्वीस वर्षांत तिने काम परत पाठवल्याचे मला स्मरत नाही. मी म्हणालो, "विश्रांती घे." ती म्हणाली, "घेतेच आहे. विश्रांतीनेच दमले."

वाक्य चांगले होते. मी हसलो.

कपाळ २०.८. यंत्राचा ऱ्हास वेगाने होत आहे. पडदा पुन्हा जुळवला.

१६ मार्च

लेक येऊन गेली. काल सायंकाळी आली, आज पहाटेच्या गाडीने परत. तिची नोकरी अशी की आई-बापांना भेटायला रजा काढली तर वरिष्ठ विचारतात, "नक्की दोघेही हयात आहेत ना?"

तिच्या सन्मानार्थ चित्रपट लावला. समुद्रकिनारा, लग्नाची मेजवानी, शंभर माणसे. वीस मिनिटांनी लेक म्हणाली, "बाबा, हे सगळे आजारी का दिसतायत?"

"आजारी?"

"म्हणजे बघा ना. नवरा, नवरी, तो केक. केकलासुद्धा कावीळ झाल्यासारखी दिसते."

मी तिला समजावले की फोनच्या निळसर पडद्याने आजच्या पिढीची दृष्टी भ्रष्ट झाली आहे, तिला शुद्ध रंग रोगट वाटतो, आणि मी हा पडदा कोणा कारखान्याच्या शिफारशीने नव्हे, तर तिच्या मातोश्रींच्या प्रत्यक्ष कांतीवरून जुळवला आहे.

"आईवरून?" लेकीने अंधारात आईकडे पाहिले. "आई, तू बारीक झालीस का गं?"

"झाले तर. इतकी वर्षं तूच म्हणत होतीस ना, वजन कमी कर म्हणून?"

"अगं, पण अशी नव्हे."

"मग कशी? नमुना पाठव. तुझे बाबा जुळवून देतील."

तिघेही हसलो. लेकीने चित्रपट संपेपर्यंत आईचा हात सोडला नाही. मला वाटते, नोकरीत काहीतरी बिनसले असावे तिचे. फोनवर विचारीन.

२० मार्च

कपाळ २२.६. हे यंत्र आता पांढऱ्या फरशीवर बरोबर, छापील कागदावर बरोबर, आणि केवळ माझ्या पत्नीवर चूक दाखवते. अशी विवेकी बिघाडाची जात मी प्रथमच पाहतो. मान्य प्रतीसंबंधी शंका घेणे हे आमच्या धंद्यात पाप. पाप करण्यापूर्वी सर्व प्रायश्चित्ते करून घ्यावीत, म्हणून यंत्र दुरुस्तीशाळेत तपासणीस धाडले. दोन आठवडे लागतील.

मधल्या काळात स्वतःचेही डोळे तपासून घेतले. नेत्रवैद्य म्हणाले, "तुमच्या वयाच्या मानानं उत्कृष्ट." ही स्तुती की निंदा, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही. सौभाग्यवतीस म्हणालो होतो, तूही चल, अक्षरे नाचतात म्हणतेस. तिला जिना उतरवेना.

२ एप्रिल

यंत्र परत आले. सोबत एक कागद: "सर्व मापे प्रमाणानुसार. कोणताही दोष आढळला नाही."

सायंकाळपासून हा कागद समोर घेऊन बसलो आहे. दिवा निर्दोष. पडदा निर्दोष. डोळे निर्दोष. यंत्र निर्दोष. चौघेही साळसूदपणे माझ्याकडे पाहत आहेत.

सौभाग्यवती पाणी घेऊन आली तेव्हा तिच्या कपाळाचे माप घेतले. तिने आता विचारणेही सोडले आहे. डोळे मिटून कपाळ पुढे करते. २५.८.

काय राहिले मग?

उद्या दंतवैद्य प्रात्यक्षिकास येणार. आज पुरे.

३ एप्रिल

दंतवैद्य दुपारी चार वाजता आले. काळ्या खोलीत खुर्चीवर बसून त्यांनी मेजवानीचा तोच प्रसंग पाहिला. मग म्हणाले, "रंगाचार्य, राग मानू नका. सगळ्यांचे दात पिवळे आहेत."

"चित्रपटच तसा आहे."

"नवरीचेसुद्धा? नवरीचे दात पांढरे करायचं काम मी रोज करतो. लग्नाच्या आदल्या आठवड्यात."

मी त्यांना मान्य प्रतीचा सिद्धांत सांगितला. ते ऐकत होते. तेवढ्यात सौभाग्यवतीने बाहेरून हाक मारली, चहा झालाय म्हणून. आम्ही बाहेर आलो. ती गॅलरीच्या दारात ट्रे घेऊन उभी होती आणि चारचे ऊन तिच्यावर सरळ पडले होते. त्या उन्हात मी तिला किती दिवसांनी पाहिले? सकाळी ती उठते तेव्हा मी निजलेला, आणि पुढचा दिवस माझा काळ्या खोलीत.

दंतवैद्यांनी ट्रे तिच्या हातातून घेतला. खाली ठेवला.

"वहिनी, जरा इकडे उजेडात या. वर बघा."

"अहो, चहा निवेल."

"निवू दे. वर बघा. आता तोंड उघडा. जीभ टाळूला लावा."

"फुकट तपासताय होय?" ती म्हणाली, आणि उघडले.

ते जिभेखाली फार वेळ पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरची थट्टा कोणीतरी पुसून काढावी तशी नाहीशी झाली.

"खाज येते?"

"येते."

"लघवी गडद?"

तिने माझ्याकडे पाहिले. मग त्यांच्याकडे पाहून मान हलवली.

"केव्हापासून?"

"झाले असतील महिना-दीड महिना. यांना म्हटलं नाही. यांचं ते यंत्राचं चाललं होतं ना."

दंतवैद्य माझ्याकडे वळले. "उद्या सकाळी रक्त तपासा. सकाळीच. मी फोन करून ठेवतो."

चहा कोणी प्यायला नाही. मी काय केले ते लिहिले पाहिजे. मी आत गेलो आणि प्रोजेक्टर बंद केला. दिवा थंड होईपर्यंत पंखा चालू ठेवावा लागतो. तो थांबेपर्यंत तिथेच उभा राहिलो.

५ एप्रिल

रक्तात पित्त. आकडा सांगितला. सामान्य माणसाच्या बारापट.

६ एप्रिल

पोटाची छायाचित्रे. मोठ्या नळीसारख्या यंत्रात तिला सरकवले. मी काचेपलीकडे. संगणकाच्या पडद्यावर ती करड्या छटांत दिसत होती, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत. त्यातले मला काहीच वाचता आले नाही.

९ एप्रिल

आज पोटाच्या डॉक्टरांनी बसवून सांगितले. स्वादुपिंडाच्या मुखाशी गाठ आहे; तिने पित्ताची वाट अडवली आहे. यकृतातही ठिपके आहेत. त्यामुळे शस्त्रक्रिया नाही. बाई तरुण आहेत, शांत बोलतात, आणि बोलताना टेबलावरचे पेन सरळ करतात.

"पिवळेपणा केव्हापासून जाणवला? अंदाजे सांगा. घरच्यांना सहसा कळत नाही, रोज पाहणाऱ्याला तर नाहीच कळत. हळूहळू येतो ना."

माझ्या पिशवीत मापनवही होती. का घेतली होती ठाऊक नाही, सवय. मी ती उघडून त्यांच्यासमोर ठेवली. दिनांक, वेळ, अंक.

त्यांनी आधी न समजून पाहिले. मग बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागल्या. सतरा पूर्णांक दोन. अठरा पूर्णांक नऊ. वीस पूर्णांक आठ.

"हे काय आहे?"

"कपाळ," मी म्हणालो. "हिचं."

"तुम्ही मोजत होतात?"

"हो."

"चोवीस फेब्रुवारीपासून वाढतंय हे."

"हो."

"मग..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. तीस-चाळीस वर्षांच्या माणसाला जेवढे सभ्य राहता येते तेवढ्या त्या राहिल्या. पेन पुन्हा सरळ केले.

"मग यांनी प्रोजेक्टर दुरुस्त केला," सौभाग्यवती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना ते कळले नाही. बरे झाले.

मीच विचारले, चोवीस फेब्रुवारीला आलो असतो तर? त्या म्हणाल्या, असं सांगता येत नाही. हा आजार दिसायला लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेलाच असतो. कदाचित फरक पडला असता, कदाचित नसता. हे त्या दर आठवड्याला कोणा ना कोणाला सांगत असणार. त्यातला 'कदाचित' त्यांनी दोनदा उच्चारला. पहिला माझ्यासाठी असावा.

१० एप्रिल

रुग्णालयातल्या खाटेवर तिने मला विचारले.

"तुम्हाला दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मग?"

"पटलं नाही."

"का?"

यावर एखादे भारदस्त वाक्य माझ्याजवळ असायला हवे होते. सत्तावीस वर्षांचा अनुभव, नियम, काळे पाकीट, कुलूप. मी म्हणालो, "मला वाटलं, तू बदलायची नाहीस."

ती छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हे तुम्ही लग्नात म्हणायला हवं होतं. तेव्हा बरं वाटलं असतं." आणि कुशीवर वळली. मला पाठ दिसत होती. ती हसत होती की काय, ते पाठीवरून ओळखता आले नाही, आणि पुढे जाऊन पाहण्याचे धैर्य झाले नाही.

१७ एप्रिल

तोंडावाटे दुर्बीण घालून पित्ताच्या वाटेत एक छोटी नळी बसवली. पित्त उतरेल, खाज थांबेल, चार घास जातील. गाठ आहे तिथेच राहील. औषधे देऊन पाहू, म्हणाल्या डॉक्टरीणबाई; किती, ते औषधांवर आणि तिच्यावर. महिन्यांत मोजायचे, एवढे सांगितले.

घरी जाताना एकच काम दिले. नळी केव्हातरी तुंबते. म्हणून रोज सकाळी उजेडात डोळ्यांतले पांढरे पाहायचे. पिवळे वाटले किंवा थंडी भरून ताप आला तर लगेच यायचे.

"हे यांना चांगलं जमेल," सौभाग्यवती म्हणाली.

"यंत्र लावू नका मात्र," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच थट्टेच्या सुरात बोलल्या होत्या, आणि लगेच त्यांना वाईट वाटलेले दिसले.

२ मे

पित्त उतरले. तिचा रंग परत आला. लेक महिन्याची बिनपगारी रजा काढून आली आहे. आज सकाळी आईचे केस विंचरताना ती एकदम म्हणाली, "बाबा, बघा ना! आई पहिल्यासारखी दिसतेय." आणि मग आईच्या गळ्यात पडून रडली. आनंदाने, असे तिला वाटते.

मी पाहिले. खरोखर पहिल्यासारखी. कोणाही समंजस माणसाने पाहिले तर म्हणेल, बाई बऱ्या झाल्या. आत काही बरे झालेले नाही हे मला ठाऊक, तिला ठाऊक. रंग बरोबर आहे आणि त्याचा काही उपयोग नाही, असे मी धंद्यात कधी पाहिले नव्हते.

दुपारी दंतवैद्य आले. दारातच घुटमळले. म्हणाले, "तुम्हाला वेळ असेल तेव्हा. घाई नाही. किंवा राहूच द्या." मी लगेच त्यांच्यासोबत वर गेलो. त्यांचा प्रोजेक्टर दीड तासात लावून दिला. एकदाही डोळ्यांनी जुळवले नाही. यंत्र जे म्हणाले ते. नायिकेचे दात पांढरे झाले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला खाली यायचे होते.

११ मे

औषधाचा दुसरा फेरा. तिला मुद्रिते हवी होती. मी आणली. तिने अर्धे पान तपासले, सात चुका काढल्या, पेन्सिल ठेवली. उरलेले अर्धे पान लेकीने तपासले आणि तिला एकही चूक सापडली नाही. "आहेत," ती डोळे न उघडता म्हणाली. "तीन तरी असतील. शोध."

लेकीला दोन सापडल्या.

१९ मे

सकाळची तपासणी ही आता आमची दिनचर्या झाली आहे. नऊ वाजता झोपण्याच्या खोलीच्या खिडकीत ऊन येते. ती खुर्चीवर बसते, मी समोर. ती वर पाहते, मग खाली, मग डावीकडे, उजवीकडे. मी म्हणतो, "स्वच्छ." ती म्हणते, "पास?" मी म्हणतो, "पास." लेक म्हणते, तुम्ही दोघं लग्नाआधी असे बसत होतात का? आम्ही नव्हतो बसत. तेव्हा ती माझ्या रंगविभागात येऊन काचेवर पेन्सिलीने टकटक करायची आणि म्हणायची, तुमच्या निळ्यात माझं अक्षर बुडालंय. मी वर पाहायचोसुद्धा नाही.

काल लेकीची रजा संपली. वाढवून मिळेल का ते पाहायला गेली आहे.

रात्री वजन केले. ते मी इथे लिहीत नाही.

२५ मे, रविवार

आज ती माझ्या आधी उठली होती. मला जाग आली तेव्हा न्हाणीघरातला दिवा जळत होता आणि पाण्याचा आवाज नव्हता. आरशासमोर उभी होती की काय, मी विचारले नाही. बऱ्याच वेळाने बाहेर आली, भिंतीला धरून, आणि खिडकीपाशी खुर्चीवर बसली.

नऊ वाजले. ऊन आले. मी समोर स्टूल ओढून बसलो.

तिने डोळे मिटून घेतले.

"वर बघ," मी म्हणालो.

"आज नको."

"अगं, एक मिनिट."

"आज रविवार आहे. त्या बाईही नसतील. उद्या जाऊ."

"ताप आहे का?"

"नाही. हात लावून बघा."

हात लावला. नव्हता. माझा हात तिने कपाळावरच धरून ठेवला, खाली घेऊ दिला नाही. तिची नखे माझ्या डोळ्यांपुढे होती, उन्हात. मी तिकडून नजर काढली आणि खिडकीबाहेर पाहू लागलो. समोरच्या घराच्या गच्चीवर कोणीतरी गादी वाळत घालत होते. एकटाच होता, आणि गादी दुमडत होती.

"काय बघताय?" तिने डोळे मिटूनच विचारले.

"समोर एक जण गादी घालतोय उन्हात."

"जमतंय त्याला?"

"नाही."

"मग सांगा ना. काय करतोय ते सांगा."

मी सांगत गेलो. त्याने एक टोक कठड्यावर टाकले. दुसरे घसरले. तो फिरून पलीकडे गेला. पहिले घसरले. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला, गादीला काहीतरी बोलला. ती डोळे मिटून हसत होती. दहा वाजेपर्यंत मी सांगत होतो. तो केव्हाच खाली गेला होता.